पाण्याला वाट देणारी वाट

डोंगरउतारावरची सायकलवाट जोखायची तर ती भर पावसात पाहावी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या उत्तरेला, खाडीपलीकडे, फ्रॉम आणि सीमोर हे डोंगर आहेत. ‘नॉर्थ शोर’ म्हणतात तो हा भाग. हिवाळाभर तिथला पाऊस हटत नाही. जंगल दाट, आणि जमिनीत जिथे फावडे घालाल तिथे मुळे आणि कातळ. या जमिनीतून स्वयंसेवकांनी खणून काढलेल्या उताराच्या वाटा मी कलाकृती मानतो. त्यांचा आस्वाद वळणावळणाला थांबूनच घ्यायला हवा.

खणणाऱ्याला आधी पालापाचोळ्याचा कुजलेला थर काढावा लागतो. मऊ, काळा, पायाला सुखावणारा हा थर पाणी धरून ठेवतो आणि चार चाकोऱ्या उमटल्या की त्याचा चिखल होतो. त्याखाली खनिज माती लागते. ती ठोकून बसवली की घट्ट धरते. तिथले खणणारे तिला ‘सोनं’च म्हणतात. वाटेपासून दूर, झाडांआड खड्डा घेऊन ही माती काढायची, बादल्यांनी वाहून आणायची, आणि शेवटी तो खड्डाही पालापाचोळ्याने झाकून टाकायचा. सायकलस्वाराला यातले काहीच दिसत नाही.

सगळ्यात रसाळ जागा म्हणजे बर्म, वळणाच्या बाहेरच्या अंगाला घातलेला मातीचा कललेला बांध. वेगात आलेली सायकल त्यावर आडवी कलते आणि ब्रेक न लावता वळते. हे सुख साधायचे तर बांधणाऱ्याला स्वाराचा वेग आधीच ओळखावा लागतो. म्हणून वळणाच्या अलीकडे तो वाट किंचित चढवतो. वेग आपोआप उतरतो, ब्रेक दाबून चाके घसटत नाहीत आणि जमीन उखडत नाही. पण बर्म म्हणजे एका अर्थी वाडगाच, पाणी आतल्या कडेला साचणारच. मग वळणाच्या तोंडाशी किंवा शेपटीशी एक सखल जागा ठेवून पाणी बाहेर काढून द्यायचे. म्हणजे स्वाराला झुलवणारा तोच चढ-उतार पाण्यालाही वाटेबाहेर घालवतो. एकाच रेषेतून दोन कामे करवून घेणारी ही काटकसर मला फार मोठी वाटते.

वाट डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक उतरती नसावी, असा वाटा बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. नाहीतर पाणी वाट ओलांडण्याऐवजी तिच्यातूनच धावते. नॉर्थ शोरच्या खड्या वाटा तो सरळ मोडतात. त्याची भरपाई दगड करतात. मोठमोठे दगड उभे गाडून त्यांची फरसबंदी केली, की पाणी वरून वाहून गेले तरी माती जागची हलत नाही.

दलदल ओलांडायला पडलेल्या सीडरची खोडे फोडून फळ्यांचे शिडीसारखे पूल बांधायची रीतही इथलीच. टॉड फियांडर, म्हणजे सगळ्यांचे ‘डिगर’, यांचे नाव या पुलांशी जोडलेले आहे. त्यांच्या चित्रफितींमुळे नव्वदच्या दशकात हे पूल जगभर पोचले. पुढे ते अरुंद आणि उंच होत गेले. त्या कसरतीचे कौतुक मला आहे, पण डोंगराशी इमान मला मातीच्या कामातच अधिक दिसते.

1997 मध्ये इथल्या सायकलस्वारांनी संघटना उभी केली. आज तिच्यामार्फत गट आणि दुकाने एकेक वाट दत्तक घेतात आणि ठरल्या दिवशी तिच्यावर राबतात. हातात पुलास्की असते, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीचे पाते. नाहीतर मॅक्लाउड, एकीकडे दाताळे आणि दुसरीकडे माती ओढायला, चोपायला रुंद पाते. नवी वाट उघडते त्या दिवशी गर्दी होते. पानांनी तुंबलेले चर मोकळे करायला नोव्हेंबरच्या पावसात मोजकेच येतात. श्रेय वाटायचेच झाले तर मी त्यांना आधी देईन.