‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘दोन्ही सारखंच’ नव्हे!

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. स्टेरॉइडने तो लवकर आटोक्यात येतो, पण ते फार काळ घेतलं की मोतीबिंदू, काचबिंदू मागे लागतात. म्हणून प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या गोळ्या देतात. मग पहिली कुठली? मेथोट्रेक्सेट जुनी, स्वस्त, आठवड्यातून एकदाच घ्यायची. मायकोफेनोलेट महाग आणि रोजची.

२०१९ साली ‘जामा’त आलेल्या ‘फास्ट’ चाचणीने दोघींना समोरासमोर उभं केलं. भारतासह पाच देशांतले २१६ रुग्ण. मला आवडली ती यशाची व्याख्या: नुसता दाह शमून चालणार नाही, स्टेरॉइडही दिवसाला ७.५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली यायला हवं. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटला ६७ टक्के यश, मायकोफेनोलेटला ५७.

हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. पण म्हणून ‘दोन्ही सारख्याच’ म्हणू नका. मेथोट्रेक्सेट बरीच सरस किंवा किंचित कमी, दोन्ही शक्यता या आकड्यांत बसतात. सिद्ध झालं ते इतकंच, की महागडी गोळी वरचढ ठरली नाही. खिशाला हेही कमी नाही!

माझी तक्रार वेगळीच आहे. मेथोट्रेक्सेट घेऊनही तिघांतल्या एकाला यश आलं नाही. तो कोण असेल, हे आधी ओळखायचं कसं? सरासरी ते सांगत नाही, आणि तिकडे डोळा थांबत नाही.

आणि हो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातूनच! चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.