प्रवाळांचे मरण दिसले, पण पुढे काय?

पोवळे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना अंगठीतला लाल खडा आठवतो. उथळ, उबदार समुद्रात ज्यांच्या सांगाड्यांवर बेटे उभी राहतात ते प्रवाळ निराळे. त्यांची आपली ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकातील एका आकृतीपुरतीच असते. ही उणीव भरून काढणारा एक माहितीपट आम्ही नुकताच नववीच्या मुलांबरोबर पुन्हा पाहिला : जेफ ऑर्लोस्की यांचा २०१७ सालचा ‘चेसिंग कोरल’. सुमारे दीड तासाचा हा चित्रपट शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावा. मात्र तो दाखवून थांबू नये, असे आमचे मत आहे.

रिचर्ड व्हीव्हर्स हे जाहिरातीचा व्यवसाय सोडून समुद्राकडे वळलेले गृहस्थ. समुद्रातला विनाश लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही, हेच त्यांचे दुखणे. म्हणून त्यांचे पथक समुद्रतळावर आपोआप चित्रे घेणारे कॅमेरे बसवते. ते नीट चालत नाहीत. मग झॅक रागो हा तरुण आणि त्याचे सहकारी २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर रोज पाण्यात उतरून त्याच त्या जागांची चित्रे स्वतः घेतात. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यांचे अपयश लपवलेले नाही, हे आम्हांला विशेष आवडले. निरीक्षण म्हणजे काय, ते किती चिकाटीचे काम आहे, हे सांगायला प्रयोगवहीतील दहा पाने अपुरी पडतील. इथे ते काही मिनिटांत कळते.

विज्ञानही सोपे करून सांगितले आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात, प्रकाशसंश्लेषण करतात आणि यजमानाच्या अन्नाचा मोठा वाटा पुरवतात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाले बाहेर पडतात आणि पारदर्शक ऊतींखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. न्यू कॅलिडोनियातील प्रवाळ झगझगीत निळे-जांभळे होतात ते दृश्य फार सुंदर आहे. तो बहर नसून संकटाची खूण आहे, हे मात्र मुलांना थांबून सांगावे लागते.

आता उणिवेकडे. चित्रपट संपला तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, आता काही उरलंय का? मग आपण काय करायचं?” चित्रपट शेवटी स्वच्छ ऊर्जेकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे, कारण रोगाचे मूळ तापणाऱ्या हवामानात आहे. ग्रेट बॅरियर रीफचा उत्तर भाग मानवी वर्दळीपासून बराच दूर असूनही २०१६ साली तिथेच सर्वाधिक हानी झाली. नुसत्या स्थानिक संरक्षणाने उष्णतेची लाट अडत नाही, हे मान्य करायला हवे.

पण लाट ओसरल्यानंतर काय होते, हा धडा चित्रपटात जवळजवळ नाहीच. तो आपल्या लक्षद्वीपमध्ये आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली तिथले प्रवाळ विरंजित झाले. त्यातल्या काही भागांनी मधल्या वर्षांत पुन्हा मूळ धरले. तिथले मच्छीमार परंपरेने खोल पाण्यातला टुना गळाने पकडत, त्यामुळे प्रवाळांतल्या माशांवर ताण कमी होता. खडकावरचे शेवाळ चरणारे पोपटमासे टिकले तर खडक स्वच्छ राहतो आणि प्रवाळांच्या डिंभांना बसायला जागा मिळते. तरीही १९९८ ते २०२२ या काळात तिथले प्रवाळाच्छादन जवळजवळ निम्मे झाले. २०२४ साली पुन्हा विरंजन झाले. सावरायला मिळणारी उसंत कमी होत चालली आहे. म्हणून त्या उसंतीत माणसाने भर न घालणे अधिकच मोलाचे आहे.

इथे रोजच्या जपणुकीला अर्थ येतो. शाळेच्या सहली सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातात. त्या किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि हा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो, हे किती मुलांना सांगितले जाते? प्रवाळांवर नांगर टाकू नये, त्यांवर उभे राहू नये, कचरा पाण्यात जाऊ देऊ नये. आठवण म्हणून वाळलेला प्रवाळ आणणे तर गुन्हाच आहे. २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. आपल्या प्रयोगशाळेतील बरणीकडेही या नजरेने एकदा पाहावे.

चित्रपटाने मुलांच्या डोळ्यांत पाणी आणले, हे त्याचे यश. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे मात्र चित्रपटाचे नव्हे, आपले काम आहे. आम्ही तिला इतकेच सांगितले : अजून उरले आहे, आणि त्याला सावरायला वेळ मिळू देणे हे तुझ्या-माझ्याही हाती आहे.