सर टी. माधवराव : एका कारभाऱ्याचे चरित्र आणि त्याचा ग्रंथ

मराठीत राजांची चरित्रे आहेत, संतांची आहेत, देशभक्तांची तर विपुल आहेत. कारभाऱ्याचे चरित्र मात्र आम्हांस अजून नीट लिहिता येत नाही. नाना फडणविसांची गोष्ट निराळी. त्यांच्याभोवती युद्धे होती, कारस्थाने होती. एरवी कारभारी म्हटला की चरित्रकार नेमणुकांच्या तारखा आणि पदव्या यांची जंत्री लावतो व लेखणी खाली ठेवतो. सर टी. माधवरावांच्या वाट्यास बहुधा हेच आलेले आहे. नोकरीनिमित्त चेन्नईत येऊन राहिलेल्या आमच्या वाचकांनी तरी या गृहस्थाकडे अधिक चौकसपणे पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नावातील 'टी.' हे वडिलांचे आद्याक्षर नव्हे, ते तंजावर होय. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण. माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. पुढे ज्या विद्यालयाचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले तेथे, मद्रासेत, पॉवेलसाहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांची गती विशेष होती. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या सुमारास दिवाण. १८७२ पर्यंत त्यांनी संस्थानचे कर्ज फेडले, मिरीचा सरकारी मक्ता उठविला, सरकारी जमीन कसणाऱ्या रयतेस १८६५ मध्ये त्या जमिनीवर मालकीचा हक्क मिळाला. येथवर सर्व चरित्रकार एका सुरात बोलतात.

परंतु याच कारकिर्दीत १८५९ हे साल येते. नाडार स्त्रियांनी छाती झाकावी की नाही, यावरून दक्षिण त्रावणकोरात दंगे उसळले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी दडपण आणले, तेव्हा जाहीरनामा निघाला. त्यातही उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र घ्यावयाचे नाही, अशी अट राहिलीच. दिवाण माधवराव होते. चरित्रकार हे पान भरभर उलटतात. मिरीचा मक्ता उठविणाऱ्या हातास ही अट का पुसता आली नाही, हे विचारल्याने माधवराव लहान होत नाहीत; न विचारल्याने चरित्र मात्र निश्चित लहान होते.

इंदूरच्या होळकरांकडे दोन वर्षे काढून ते १८७५ मध्ये बडोद्यास आले. दैवाची गंमत अशी की, मद्रासेत शिकलेला कारभारी बडोद्यास गेला आणि बडोद्याचे पदच्युत मल्हारराव मद्रासेस पाठविले गेले. कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच सयाजीराव. या राजास अधिकारसूत्रे मिळण्यापूर्वी, १८८१ मध्ये, माधवरावांनी जी व्याख्याने दिली ती 'मायनर हिंट्स' या नावाने ग्रंथरूप झाली. 'मायनर' हा शब्द सूचनांस लागतो तसाच अज्ञान राजासही लागतो. हा श्लेष आम्हांस तरी हेतुपुरस्सर वाटतो. २०२२ मध्ये राहुल सागर यांनी ती संपादून पुन्हा प्रसिद्ध केली, हे फार चांगले झाले.

ग्रंथाची शैली उत्तम सरकारी टिपणाची आहे. अलंकार नाही, पाल्हाळ नाही. प्रजेचे सुख, कायद्याचा मान, राजवाड्याच्या खर्चास मर्यादा असे विषय घ्यावयाचे आणि मुलास समजेल अशा रीतीने मांडावयाचे. मराठीत याचा पूर्वज शोधावयाचा तर १७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र डोळ्यांपुढे येते. दोन्ही ग्रंथ अनुभवी मंत्र्याचे, दोन्ही राजनीतीचे. पण अमात्य दुर्ग आणि आरमार यांविषयी लिहितात, टोपीकरांस किती अंतरावर ठेवावे हे सांगतात. माधवरावांच्या काळी टोपीकर रेसिडेंट होऊन शहरातच बसला होता. म्हणून त्यांच्या राजनीतीचे मुख्य सूत्र संयम हे आहे : राजाने स्वतःच स्वतःस आवरावे, म्हणजे दुसऱ्यास आवरण्याचे निमित्त मिळणार नाही. मल्हाररावांचे उदाहरण ताजे असता हा उपदेश शहाणपणाचा होता. त्यात धाडस नाही, हा त्याचा उणेपणा आम्ही झाकू इच्छित नाही. शिष्य पुढे गेला. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सयाजीरावांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले.

आणखी एक गोष्ट मनास लागते. अमात्यांचा ग्रंथ मराठीत आहे. मराठी घरात वाढलेल्या माधवरावांनी मराठी राजास सांगितलेली राजनीती इंग्रजीत आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण नव्या कारभाराचा शब्दसंग्रह त्यांस मद्रासेत मिळाला तो इंग्रजीतच. आमच्यापैकी किती जणांस कचेरीतील आपले दिवसभराचे काम घरी शुद्ध मराठीत सांगता येते? ही उणीव सयाजीरावांनी ओळखली असावी, कारण शासनव्यवहारातील इंग्रजी संज्ञांना देशी भाषांतील प्रतिशब्द देणारा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये बडोद्यानेच काढला.

माधवराव १८८२ मध्ये बडोदे सोडून मद्रासेस परतले. १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन या शहरात भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. जन्मभर वरिष्ठ सत्तेशी जुळवून घेण्याची विद्या शिकविणारा हा पुरुष साठीच्या उंबरठ्यावर त्या मंडपात का उभा राहिला, या प्रश्नापासून त्यांच्या नव्या मराठी चरित्राचा आरंभ व्हावा, असे आम्हांस वाटते. १८९१ च्या एप्रिलात मद्रासेतच त्यांचा अंत झाला.