ग्लुकोज नाकारणारे जिवाणू

2008 साली अकिहितो एन्दो आणि सानाए ओकादा या जपानी संशोधकांनी ल्युकोनॉस्टॉक या प्रजातीतल्या चार जाती वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यासाठी ‘फ्रुक्टोबॅसिलस’ ही नवी प्रजाती मांडली. वर्गीकरणावरचा शोधनिबंध सहसा कामापुरता चाळला जातो. हा मात्र ओळ न ओळ वाचावा असा आहे.

या चौघांचे पत्तेच गोड आहेत. दोघे पिकलेल्या अंजिरातले, एक फुलावरचा आणि एक तेंपोयाकमधला. मलेशियात ड्युरियन फळाचा गर आंबवून तेंपोयाक करतात.

निबंधाचा प्राण आहे तो साखरेच्या प्रयोगात. हवा नसलेल्या नळीत ग्लुकोजचं द्रावण घालून त्यात हे जिवाणू सोडले, तर द्रावण जवळजवळ नितळच राहतं. फ्रुक्टोज दिलं की गढुळतं. एवढ्यावर थांबलो, तर ‘यांना ग्लुकोज पचत नाही’ असंच म्हणू. पण ग्लुकोजच्याच नळीत हवा खेळू दिली की तिथेही ते वाढतात! म्हणजे ग्लुकोज पचतं. अडतं ते दुसरीकडेच. साखर मोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी हवाली करावे लागतात. ल्युकोनॉस्टॉक त्यासाठी इथेनॉल तयार करतो. यांची ती वाट जवळपास बंद आहे, कारण तिथलं एडीएचई हे जनुक यांच्याकडे धड नाही. हे जनुकाचं कारण पुढच्या अभ्यासांत उलगडलं. मग इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन तरी हवा, नाहीतर फ्रुक्टोज. फ्रुक्टोज ते घेतं आणि त्याचं मॅनिटॉल होतं. पिकल्या फळात फ्रुक्टोज भरपूर असतं. तिथे राहणाऱ्याला ही उणीव जाणवतही नसणार.

पेशींचा आकार, आम्लांचं प्रमाण वगैरे तपशील नेहमीच्या शिस्तीनं येतात. मला मोलाचा वाटतो तो लेखकांचा विवेक. दोन जाती वेगळ्या मानायला निदान आकड्यांचा आधार असतो: पूर्वी डीएनए संकरणाची 70 टक्क्यांची रेषा, आता जनुकसंचांच्या सरासरी साम्याची 95-96 टक्क्यांची. प्रजातीसाठी मात्र सर्वमान्य रेषा नाही. तिथे जाणकाराची नजरच लागते. साखरेची आवड उत्क्रांतीत बदलू शकते, म्हणून नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. नुसता जनुकांचा वंशवृक्ष हे जिवाणू वेगळे आहेत एवढंच सांगतो, ते जगतात कसे हे सांगत नाही. एन्दो-ओकादा यांनी दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या आणि त्या जुळल्या. नवी प्रजाती मांडायला याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो.

2011 साली दक्षिण आफ्रिकेत नॅस्टर्शियमच्या फुलावर सापडलेली नवी जात याच प्रजातीत दाखल झाली.