फोटोत आडनाव कुठे असतं?

फोटोग्राफीच्या बेसिक कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात एक असाइनमेंट हमखास मिळते. सेल्फ-पोर्ट्रेट काढा आणि त्यातून स्वतःची ओळख करून द्या. आमच्या पुण्यातल्या वीकेंड बॅचलाही मिळाली. अठरा जणांचे अठरा फोटो ग्रुपवर आले. त्यातले निदान दहा तरी एकाच फोटोचे भाऊबंद होते: खिडकीतला उजेड, हातात कॉफीचा मग, मागे धूसर झालेली पुस्तकं किंवा गिटार, नजर कॅमेऱ्याकडे नाही. वाईट कुणाचाच नव्हता. पण हे फोटो ओळख करून देत नव्हते, बायोडेटा देत होते. छंद : वाचन, ट्रेकिंग, संगीत.

दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘ओळख’ म्हटलं की आपल्याकडे काय विचारतात? नाव. मग गाव. नाव नुसतंच सांगितलं तर ‘पुढे?’ आणि आडनाव गावावरून पडलेलं असेल तर ‘म्हणजे मूळचे कोण?’ विचारणारा गोड हसत असतो. त्याला काय हवंय ते दोघांनाही माहीत असतं. ही पायरी न येता आपण कोण ते सांगायची संधी या असाइनमेंटमध्ये आहे, आणि म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. प्रश्न एवढाच, की फोटो खरंच आडनाव गाळतो का?

फोटोग्राफी जेमतेम जन्मली होती तेव्हाच एका माणसाने सेल्फ-पोर्ट्रेटमधून तक्रार अर्ज लिहिला. इपोलीत बायार, पॅरिसमधला सरकारी कारकून. कागदावर थेट पॉझिटिव्ह प्रतिमा उमटवण्याची स्वतःची पद्धत त्याने शोधली होती, १८३९ मध्ये लोकांना फोटो दाखवलेही होते. पण फ्रेंच सरकारने शोधाचं श्रेय आणि पेन्शन दिली दागेरला. १८४० मध्ये बायारने स्वतःचा फोटो काढला, बुडून मेलेला माणूस म्हणून. उघडं अंग, मिटलेले डोळे, भिंतीशी कललेली मान, बाजूला गवती हॅट. मागे मजकूर लिहिला, की सरकारने दागेरला भरभरून दिलं, याला काहीच दिलं नाही, म्हणून या अभाग्याने जीव दिला; प्रेत बरेच दिवस शवागारात पडून आहे, ओळखायला कुणी आलेलं नाही. चेहरा आणि हात काळे दिसतात, त्यावरही त्याने विनोद केला: कुजायला लागलेत, नाक धरून पुढे चला.

मला यात दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे तो धडधडीत खोटं बोलतोय. त्यानंतर तो १८८७ पर्यंत जगला. दुसरी, त्याने छंद दाखवले नाहीत, दुखणं दाखवलं. एक्स्पोजरला बरीच मिनिटं लागत त्या काळात डोळे मिटून पडणं सोयीचंही होतं, म्हणजे तंत्राची अडचणच त्याने गोष्टीत वापरून घेतली. बेसिक कोर्समध्ये अपर्चर शिकवण्याआधी हा फोटो दाखवला पाहिजे.

आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे उमरावसिंग शेरगिल (१८७० ते १९५४), अमृता शेरगिलचे वडील. संस्कृत-फारसीचे अभ्यासक, योगाची ओढ, मजिठियाच्या सरदार घराण्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कितीतरी दशकं ते स्वतःचे फोटो काढत राहिले: टेबलाशी, पुस्तकांत, बायको-मुलींसोबत, आणि लंगोट लावून, उघड्या अंगाने. हे उघडे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहतो. दाढी, बरगड्या, ताठ पाठीचा कणा. सरदारकी उतरवून ठेवायचा प्रयत्न दिसतो. पण जमतो का? माझ्या मते अर्धाच. इतकी वर्षं, देशोदेशी, महागडा कॅमेरा स्वतःवर रोखत राहायची चैन कुणाला परवडते, याचं उत्तर प्रत्येक फ्रेममध्ये आहे. कपडे उतरतात, खोली उतरत नाही. मला ते फोटो त्यामुळे कमी आवडतात असं नाही, पण ‘आत्मशोध’ वगैरे म्हणून त्यांची जी आरती होते तिच्यात ही खोली कुणी मोजत नाही.

त्यांच्याशेजारी सॅम्युएल फोसोला ठेवून बघा. जन्म १९६२, कॅमेरून. बालपण नायजेरियात, बियाफ्राच्या युद्धाच्या छायेत. पुढे मामाकडे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, बांगी शहरात आला आणि १९७५ मध्ये, तेराव्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ उघडला. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो. रोलमध्ये शेवटच्या काही फ्रेम उरत. त्या वाया जाऊ नयेत म्हणून संध्याकाळी स्वतःचे. बेलबॉटम, गॉगल, उंच टाचांचे बूट, मागे स्टुडिओचा पडदा. हे फोटो तो नायजेरियातल्या आजीला पाठवायचा, मी बरा आहे हे कळावं म्हणून. ‘स्वतःला शोधणं’ हे फार नंतरचं भाषण. आधी आजी होती. १९९४ मध्ये बमाकोच्या फोटो-प्रदर्शनात जगाने ते पाहिले.

आता असाइनमेंटमध्ये काय नाही ते कळतं. ओळख करून द्या म्हणतात, पण कुणाला ते सांगत नाहीत. बायार सरकारशी बोलतोय, फोसो आजीशी. आमच्या ग्रुपवरचे मगवाले फोटो कुणाशीच बोलत नव्हते, म्हणून सगळ्यांशी सारखेच गोड होते.

उलट टोकाला व्हिवियन मायर. शिकागोत मुलं सांभाळायचं काम, गळ्यात रोलीफ्लेक्स, लाखाहून जास्त निगेटिव्ह, आणि जवळपास काहीच कुणाला दाखवलं नाही. २००७ मध्ये तिचं सामान भाडं थकल्याने लिलावात गेलं, २००९ मध्ये ती वारली. आपल्या नावाचं स्पेलिंगही ती लोकांना वेगवेगळं सांगायची. दुकानाच्या काचा, आरसे, फुटपाथवरची सावली, सगळीकडे ती आहे. रोलीफ्लेक्समध्ये वरून खाली बघायचं असतं, कॅमेरा पोटाशी. त्यामुळे आरशातल्या फोटोत तिचा चेहरा झाकला जात नाही. आपल्या आरसा-सेल्फीत फोन चेहऱ्यापुढे येतो आणि आधी दिसतो फोनचा मॉडेल. हे पण एक आडनावच.

फोनचं आणखी एक आहे, आणि इथे माझा धंदा आड येतो. बटण एकदा दाबलं तरी आजचा फोन बहुतेकदा अनेक फ्रेम घेऊन त्यांची एक करतो. चेहरा शोधतो, त्याला उजळ करतो, पोर्ट्रेट मोडमध्ये कान कुठे संपतात आणि पडदा कुठे सुरू होतो याचा अंदाज बांधतो. केसांच्या बटा तिथे हमखास चुकतात. ब्यूटी मोड चालू असेल तर त्वचा गुळगुळीत, बऱ्याच फोनवर गोरीही. कुठलाही डीफॉल्ट कुणीतरी ठरवलेला असतो. मी दिवसभर तेच काम करतो. चांगला चेहरा म्हणजे कसा, हे कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरलेलं असतं. सेल्फ-पोर्ट्रेटमधला ‘सेल्फ’ तिथेच निम्मा सही होऊन येतो.

म्हणून बॅचमधले दोन फोटो मला बाकीच्यांपेक्षा वेगळे वाटले. एका काकांनी, बँकेतून रिटायर झालेल्या, स्कूटरच्या आरशात स्वतःचा फक्त हेल्मेटमधला कपाळाचा भाग घेतला होता. आरशाबाहेर सगळा लक्ष्मी रोडचा ट्रॅफिक. सरांनी ‘सब्जेक्ट छोटा झालाय’ म्हटलं. ‘तिथे माणूस तेवढाच असतो,’ काका म्हणाले.

दुसरा एका मुलीचा. ओट्यापाशी उभी, वरून ट्यूबलाइट, भिंतीवर गॅसच्या वर तेलाचा पिवळा डाग. ब्यूटी मोड बंद करून तिने एक्स्पोजर मुद्दाम खाली ओढलं होतं, त्यामुळे चेहरा होता तितकाच सावळा, घाम दिसतोय, नजर थेट. सात जणांनी ‘थोडा ब्राइट कर’ असं लिहिलं, त्यातल्या दोघांनी स्वतःच एडिट करून परत पाठवला. एडिटमध्ये तेलाचा डागही गेला होता. फोटो कुणासाठी काढला, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, ‘स्थळं बघणाऱ्या मावशीसाठी. तिच्याकडे आहे तो स्टुडिओतला, त्यात मी ओळखू येत नाही.’

तिने मूळ फोटोच ठेवला. मावशीला पाठवला का, ते मी विचारलं नाही.