सरका, तवारुद आणि टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम लागू केले. हेतू स्तुत्य आहे. परंतु विद्यार्थ्याच्या हातून नकळत होणाऱ्या उचलेगिरीचा विचार त्यांत अपुरा राहिला आहे.

सारा भर साम्याच्या टक्केवारीवर आहे. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर तीही मुभा नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. शिक्षेची पायरी हेतू पाहून ठरत नाही. उर्दू काव्यशास्त्राने मात्र हा भेद पूर्वीच केला होता. दुसऱ्याचा शेर आपला म्हणून खपवणे हा ‘सरका’. न वाचता दोघांना तीच कल्पना सुचणे हा ‘तवारुद’. आणि परक्या ओळीवर उघडपणे आपली रचना उभारणे ही ‘तज़मीन’, ती तर कसबाची बाब. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तही शब्दहरण व अर्थहरण यांची स्वतंत्र चर्चा आहे.

आमच्या द्विभाषिक विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच. उर्दू लेखातील परिच्छेद तो मराठीत उतरवतो. शब्द सगळे त्याचे, म्हणून लेखनही आपलेच असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. विचार, क्रम आणि उदाहरणे मूळ लेखकाचीच असतात. शब्दाला शब्द ताडणाऱ्या संगणकाला त्याचा सहसा सुगावा लागत नाही. शेवटच्या ग्रंथसूचीत नाव घातले की भागले, हाही असाच समज. कोणती ओळ कोणाची, हे सूचीवरून कळत नाही. ते त्या ओळीपाशीच सांगावे लागते. सेतुमाधवराव पगडींच्या मराठी लेखनातून गालिब वाचायचा आणि तळटीपेत थेट ‘दीवान-ए-गालिब’ द्यायचा, ही तर जवळजवळ रूढीच झाली आहे. (मार्गदर्शकही याकडे काणाडोळा करतात.) वास्तविक ‘पगडींवरून उद्धृत’ एवढे लिहिल्याने अभ्यासकाची पत घटत नाही.

बराचसा घोटाळा टिपणवहीत सुरू होतो. उतरवलेले वाक्य अवतरणचिन्हांत नाही, पृष्ठांक नाही. सहा महिन्यांनी तेच वाक्य स्वतःचे वाटू लागते.

आणि नेमके येथेच विनियम मौन पाळतात. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध व उत्तरपत्रिका त्यांच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे बी.ए.ची तीन वर्षे मार्गदर्शिकेतून जसेच्या तसे उतरवून गुण मिळवलेला विद्यार्थी पुढे प्रबंध लिहायला बसतो, तेव्हा प्रथमच त्याला हा गुन्हा असल्याचे कळते. त्या स्वाध्यायांवर गुण देऊन सह्या कोणी केल्या, हे कोणत्याही समितीसमोर येत नाही.