पत्ता आणि पाठ : टिम बर्नर्स-ली यांच्या एका निबंधाविषयी

ज्ञानेश्वरीतील वचनाचा निर्देश अध्याय व ओवी यांच्या क्रमांकांनी करण्याची पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागील शहाणपण सहसा ध्यानात येत नाही. छापखाना बदलो, कागदाचा आकार बदलो, वाचक इष्ट स्थळी पोहोचतो. पाठभेदामुळे क्रमांक थोडा पुढेमागे झाला, तरी शोध त्याच परिसरात संपतो. तुकारामांच्या गाथेचे तसे नाही. तेथे अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, आणि आवृत्तीचा उल्लेख नसलेली टीप निरुपयोगी ठरते. आज सादर होणाऱ्या प्रबंधांच्या तळटीपांत संकेतस्थळांवरील पृष्ठांचे पत्ते विपुल आढळतात. हे निर्देश ओवीच्या जातीचे की गाथेच्या, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास टिम बर्नर्स-ली यांचा एक जुना निबंध उपयोगी पडतो, तसाच तो काही ठिकाणी अपुराही पडतो.

वेबचे जनक असलेल्या बर्नर्स-ली यांनी हा निबंध 1998 मध्ये लिहिला. चांगले पत्ते बदलत नाहीत, हे त्याचे प्रतिपाद्य त्याच्या शीर्षकातच आले आहे. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, हा त्यातील मध्यवर्ती विचार होय. संकेतस्थळाची पुनर्रचना केली, साधने उपलब्ध नव्हती, अशा सबबी एकेक करून मांडाव्या आणि त्यांना उत्तर द्यावे, अशी त्याची संवादात्मक रचना आहे. लेखकाचे नाव, विषयवार वर्गीकरण, मजकुराची तात्पुरती स्थिती, फाइलचा प्रकार सांगणारी शेपटी, हे सर्व पत्त्यातून वगळावे. कारण यांतील प्रत्येक गोष्ट कालांतराने खोटी ठरू शकते. निर्मितीचा दिनांक तेवढा बदलत नाही, म्हणून तो पत्त्यात ठेवण्यास हरकत नाही. दिलेला पत्ता दोन, वीस, किंबहुना दोनशे वर्षांनीही निभावता आला पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

या उपदेशातील विवेक वादातीत आहे. तथापि खुद्द या निबंधाच्या पत्त्यात दिनांक नाही, आणि ‘स्टाइल’ हा विषयवाचक शब्द मात्र आहे. म्हणजे लेखकाने स्वतःचा नियम पाळलेला नाही. तरीही तो पत्ता टिकला आहे. यावरून असे म्हणावे लागते, की पत्त्याचे आयुष्य त्याच्या घडणीपेक्षा तो सांभाळणाऱ्या संस्थेच्या निष्ठेवर अधिक अवलंबून असते. निबंधाचा भर मात्र घडणीवर आहे.

याहून महत्त्वाचा आक्षेप वेगळा आहे. पत्ता टिकावा, असे म्हणताना प्रत्येक पृष्ठाला स्वतःचा पत्ता असतोच, हे निबंधात गृहीत धरलेले आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. नेटस्केपच्या 1996 मधील ब्राउझरने ‘फ्रेम’ ही सोय आणली. एका बाह्य चौकटीत आतील पृष्ठे बदलत राहत, परंतु पत्त्याच्या पट्टीत बाह्य चौकटीचाच पत्ता दिसे. वाचनखूण करून ठेवलेल्या वाचकास दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठ मिळे, काल वाचलेले पृष्ठ मिळत नसे. जेकब नील्सन यांनी त्याच वर्षी या सोयीवर कठोर टीका केली, आणि 2014 च्या एचटीएमएल-5 मानकात असे चौकटसंच बाद ठरले. पण दोष एका मागच्या दाराने शिल्लक राहिला. डोमेन एकीकडे विकत घ्यावे, प्रत्यक्ष मजकूर दुसरीकडे ठेवावा, आणि डोमेन विकणाऱ्याने देऊ केलेल्या ‘मास्किंग’ नामक सोयीने दोहोंची सांगड घालावी, असा प्रघात आहे. येथे डोमेनच्या जागी केवळ एक रिकामी चौकट असते, व सारे संकेतस्थळ तिच्या आत उघडते. नाव देखणे दिसते खरे. पण शंभर लेखांना मिळून पत्ता एकच. केवळ ग्रंथनाम देऊन अध्याय व ओवी गाळावी, तसा हा प्रकार आहे.

उपाय अवघड नाही. डोमेनची नोंद थेट सर्व्हरकडे वळवावी, आणि त्या नावाने आलेली विनंती स्वीकारण्याची व्यवस्था सर्व्हरवर करावी. अपाचेमध्ये तिला ‘व्हर्च्युअल होस्ट’ म्हणतात. जुन्या नावावरून नव्याकडे पाठवावयाचे असल्यास 301 क्रमांकाचे कायम पुनर्निर्देशन वापरावे, पण त्यात पत्त्याचा डोमेननंतरचा भाग जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी नेमका तोच गाळला जातो, आणि प्रत्येक जुनी खूण नव्या मुखपृष्ठावर आणून सोडते. हे मला पृष्ठ नष्ट होण्याहून वाईट वाटते. नष्ट झाल्याचा 404 हा संदेश निदान प्रामाणिक असतो. मुखपृष्ठावर आलेल्या परीक्षकास मात्र संशोधकाने चुकीचा आधार दिला, असेच वाटते. अलीकडील एकपृष्ठी अनुप्रयोगांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो: पट्टीतील पत्ता ब्राउझर बदलून दाखवतो, पण सर्व्हरला तो ठाऊक नसेल, तर खुणेवरून परत येणारा वाचक दाराशीच अडतो.

डोमेनच्या मालकीविषयीही बर्नर्स-ली फार निश्चिंत आहेत. दिवाळखोरी वगळता नाव सांभाळण्यास अडचण नाही, असे ते म्हणतात. परंतु डोमेन हे मुदतीच्या नोंदणीवर मिळते, आणि बहुसंख्य लेखक तर दुसऱ्याच्या डोमेनवर आश्रित असतात. याहूने 2009 मध्ये अमेरिकेतील जिओसिटीज बंद केले, तेव्हा तेथे घरे थाटलेल्यांच्या हाती काहीच नव्हते. झिट्रेन, अल्बर्ट व लेसिग यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्मे दुवे मूळ आधारापर्यंत नेत नाहीत, असे आढळले. जेथे निकालांची ही गत, तेथे आमच्या प्रबंधांविषयी वेगळे काय सांगावे?

म्हणून संशोधकाने पृष्ठाच्या पत्त्यासोबत इंटरनेट अर्काइव्हमधील प्रतीचा पत्ताही द्यावा. त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतचा चौदा अंकी काळ आणि त्यापुढे मूळ पत्ता असतो. म्हणजे गाथेच्या अभंगाबरोबर आवृत्तीही आली. मात्र तत्पूर्वी, तो पत्ता नव्या खिडकीत उघडून तेच पृष्ठ येते की नाही, हे पाहिले पाहिजे. चौकटीत कोंडलेल्या पृष्ठाच्या बाबतीत केवळ पट्टीतला पत्ता संग्रहाकडे पाठवल्यास हाती लागेल ती चौकट.

मराठी अभ्यासकास आणखी एक अडचण आहे, जिची दखल या निबंधात नाही. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता नकलून घेतला, की त्याचे बहुधा टक्केचिन्हांच्या संकेतांत रूपांतर होते. ‘मराठी’ या शब्दाची पाच चिन्हे, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन अक्षरे, अशी पंचेचाळीस अक्षरांची माळ तयार होते. ती कागदावरून हाताने पुन्हा उतरवून घेणे कोणासही शक्य नाही. मराठी विकिपीडियाचा आधार देताना टीपेत लेखाचे नाव देवनागरीत आणि आवृत्तीचा क्रमांक अंकांत दिल्यास ही माळ टळते. कारण तेथे प्रत्येक बदलाच्या आवृत्तीस स्वतंत्र क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून नेमका तोच पाठ उघडता येतो.